कल्याणचा बिशप, ठाण्याची हाडं आणि बार्थोलोम्यूची कातडी

हे आपल्या नव्या भागाचं लिखित रूप. ज्यांना लोकलमध्ये नेटवर्क मिळत नाही, विशेषतः नेरळच्या पुढे, त्यांनी निवांत वाचावं.

आजची गोष्ट एका नदीच्या काठावर घडते. नदीचं नाव उल्हास. राजमाचीच्या खालच्या खोऱ्यातून ती निघते, कर्जतला येते, मग नेरळ, बदलापूर, कल्याण असं करत ठाण्याजवळ खाडीला मिळते आणि शेवटी वसईपाशी समुद्रात जाते. म्हणजे आपली कर्जत लोकल जवळजवळ नदीच्याच सोबतीने धावते. या एका नदीवर ख्रिस्ती परंपरेतले तीन मोठे प्रश्न उभे आहेत. येशूचा एक शिष्य खरंच कल्याणला आला होता का? पोर्तुगीज यायच्या हजार वर्षं आधी इथे बिशप होता का? आणि १३२१ साली ठाण्यात नेमकं काय झालं?

आधीच सांगतो. मी ख्रिस्ती नाही. कर्जतचा आहे, घरात पंढरीची वारी आहे, आणि पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे कुणाच्या श्रद्धेचा निकाल लावायला मी बसलेलो नाही. पण हे प्रश्न फक्त ख्रिस्ती लोकांचे नाहीत. आपल्या भागात अजूनही एखाद्या वसईकर मित्राला सहज बोललं जातं, "तुमचा धर्म तर पोर्तुगीजांनी आणला." त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "नाही, आमच्याकडे पहिल्या शतकातच संत बार्थोलोम्यू आला होता." दोन्ही बाजू तारखेला काठीसारखं वापरतात. तेव्हा एकदा त्या तारखाच नीट बघूया.

बार्थोलोम्यू : नाव आहे, गोष्ट नाही

मराठी बायबलमध्ये याचं नाव बर्थलमय. येशूच्या बारा शिष्यांच्या यादीत तो आहे. पण गंमत अशी, की या नावाने तो यादीपुरताच आहे. तो काय बोलला, काय केलं, कुठे गेला, याबद्दल शुभवर्तमानांत एक ओळ नाही. योहानाच्या शुभवर्तमानात नथनेल नावाचा एक माणूस येतो, तो हाच असं पुष्कळांनी मानलंय. पण तेही मानणंच.

मग तो भारतात आला हे कुठून आलं? चौथ्या शतकाच्या सुरुवातीला युसेबियस नावाच्या बिशपने चर्चचा इतिहास लिहिला. त्यात तो पँटीनस नावाच्या एका शिक्षकाची हकिगत सांगतो. हा पँटीनस इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा, दुसऱ्या शतकाच्या अखेरचा. तो म्हणे इंडियात गेला, आणि तिथल्या लोकांकडे त्याला मत्तयचं शुभवर्तमान आधीच सापडलं. हिब्रू लिपीतलं. ते त्यांना बार्थोलोम्यूने दिलेलं होतं.

आता हे जरा लॉग फाइलसारखं वाचूया. घटना पहिल्या शतकातली. पँटीनसचा प्रवास त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी. युसेबियसचं लिखाण त्यानंतर आणखी सव्वाशे-दीडशे वर्षांनी. आणि युसेबियस स्वतःच "असं म्हणतात" अशा सुरात लिहितो. म्हणजे हा प्रत्यक्ष साक्षीदार नाही, साक्षीदाराबद्दल ऐकलेलं ऐकून लिहिलेलं आहे.

दुसरी अडचण आणखी मोठी. त्या काळच्या ग्रीक-रोमन लेखकांचा "इंडिया" शब्द फार ऐसपैस होता. अरबस्तानचा दक्षिण भाग, इथिओपिया, तांबड्या समुद्रापलीकडचं बरंच काही त्यात यायचं. युसेबियसने कल्याणचं नाव घेतलेलं नाही. कोकणाचं नाही. ते नाव नंतरच्या अभ्यासकांनी जोडलं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधले इतिहासकार फादर हेन्री हेरास हे त्यांतलं मोठं नाव. थोमा आणि बार्थोलोम्यू हे दोघेही भारतात आले होते, असं त्यांनी मांडलं.

रस्ता होता, म्हणून माणूस आला?

कल्याणच का? कारण कल्याण तेव्हा खरंच बंदर होतं, आणि नुसतं बंदर नाही, घाटावर जायचा दरवाजा होता. इथे आपला कर्जत-खालापूर पट्टा गोष्टीत येतो.

कल्याणहून माल निघाला की उल्हासच्या खोऱ्याने वर यायचा आणि बोरघाटाच्या परिसरातल्या वाटांनी देशावर चढायचा. खालापूर तालुक्यातली उंबरखिंड आपण १६६१ सालच्या लढाईमुळे ओळखतो, पण या डोंगरातली ये-जा त्याच्याही दीड-दोन हजार वर्षं जुनी आहे. कर्जतजवळची कोंडाणे लेणी या वाटेचीच खूण. कधी गेलात तर तिथला छोटा शिलालेख बघा. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढंच त्यात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाचं नाव, त्याच्या गुरूचं नाव, आणि ते जिथे खोदलं तिथेच आजही आहे.

घाट चढून गेलात की कार्ले. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत, आणि त्यांत धेनुकाकट गावचे काही जण स्वतःला "यवन" म्हणवतात. म्हणजे ग्रीक, किंवा पश्चिमेकडून आलेले कुणीतरी. ही मंडळी बौद्ध लेण्याला दान देत होती. तेव्हा परदेशी माणसं या भागात वावरत होती, यात शंका नाही.

पण इथेच आपली गफलत होते. रस्ता होता, हा पुरावा रस्त्याचा. त्या रस्त्याने अमुक माणूस आला, याचा तो पुरावा नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आहे म्हणून अमुक एक जण काल पुण्याला गेला, असं ठरत नाही. त्यासाठी त्याची टोलची पावती लागेल. बलकाची पावती कोंडाण्याच्या दगडावर आहे. बार्थोलोम्यूची अशी पावती अजून कुठे मिळालेली नाही.

उलट एक कागद जरा अडचणीचाच आहे. पहिल्या शतकाच्या मध्यावर एका ग्रीक व्यापाऱ्याने "पेरिप्लस" नावाचं समुद्रमार्गाचं टिपण लिहिलं. त्यात कल्याण येतं, "कल्लिएना" म्हणून. तो म्हणतो, थोरल्या सरगनस राजाच्या काळात हे कायदेशीर व्यापाराचं बंदर होतं, पण संदनेसकडे सत्ता आल्यापासून इथे अडवणूक होते. चुकून एखादं ग्रीक जहाज आलंच, तर पहारा बसवून त्याला भडोचला नेतात. म्हणजे ज्या दशकांत बार्थोलोम्यू यायचा, त्याच सुमाराला कल्याण बंदर ग्रीक जहाजांसाठी जवळपास बंद होतं. याने तो आलाच नाही असं सिद्ध होत नाही. दुसऱ्या बंदरातून आला असेल, आधी आला असेल. पण "कल्याणला तेव्हा ग्रीक जहाजांची रोज गर्दी, त्यात एक प्रेषितही" हे जे चित्र आपण मनात रंगवतो, ते पुसावं लागतं.

पुळुमावी की पोलेमोन?

बार्थोलोम्यूच्या हौतात्म्याची एक जुनी लॅटिन कथा आहे, तो गेल्यावर काही शतकांनी लिहिलेली. त्यात तो इंडियात येतो, पोलिमियस नावाच्या राजाला ख्रिस्ती करतो, आणि त्या राजाचा भाऊ अस्त्रेगेस चिडून त्याला ठार करतो.

काही अभ्यासकांना पोलिमियस वाचून एकदम सातवाहन राजा पुळुमावी आठवला. ऐकायला जुळतंय की! आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावीचं नाव कार्ल्याच्या शिलालेखातही आहे, खोपोलीहून घाट चढलं की पुढेच. एखाद्या कर्जत-खोपोलीकराला याहून काय हवं?

पण हा पुळुमावी दुसऱ्या शतकातला. येशूचा शिष्य तोपर्यंत जिवंत असायला त्याचं वय शंभराच्या बरंच पुढे न्यावं लागेल. मग पुराणांच्या वंशावळींतला आणखी जुना पुळुमावी शोधता येतो, पण त्या याद्यांमधली वर्षं रबरासारखी ताणली जातात. दुसरीकडे काळ्या समुद्राकाठच्या पोंटसमध्ये पोलेमोन नावाचा राजा पहिल्या शतकात खरोखरच होता, आणि पोलिमियस हे नाव तिकडेही तितकंच जुळतं. कोडमध्ये दोन व्हेरिएबलची नावं सारखी दिसली म्हणून ते एकच नसतात, हे आमच्या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकवतात.

आर्मेनियाची परंपरा तर सांगते की बार्थोलोम्यू आमच्याकडे मेला. आर्मेनियन चर्च त्याला आपल्या संस्थापकांत मोजतं. त्याचे अवशेष सांगायचे तर इटलीतल्या लिपारी बेटाचं नाव येतं, बेनेव्हेंटोचं येतं, रोममधल्या नदीच्या बेटावरच्या चर्चचं येतं, आणि कवटीचा भाग म्हणून जर्मनीतल्या फ्रँकफर्टचंही. एका माणसावर इतक्या गावांचा दावा. आपल्याला हे नवीन नाही. एखाद्या संताच्या जन्मगावावरून आपल्याकडेही दोन-तीन गावं भांडतात. त्याचा अर्थ कुणी मुद्दाम खोटं बोलतंय असा नसतो. प्रेमाच्या माणसाला प्रत्येकजण आपल्या अंगणात आणतो.

सुरी आणि कातडी

युरोपातल्या चर्चमध्ये बार्थोलोम्यू ओळखायचा कसा? त्याच्या हातात सुरी असते. कधी कधी स्वतःची सोललेली कातडीही. कारण परंपरा म्हणते, त्याला जिवंत सोललं. सिस्टीन चॅपलमध्ये मायकेलँजेलोने १५३६ ते १५४१ या काळात "अंतिम न्याय" हे प्रचंड भित्तिचित्र रंगवलं, त्यात बार्थोलोम्यू एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात आपली कातडी घेऊन बसलाय. आणि त्या लोंबत्या कातडीवरचा चेहरा मायकेलँजेलोचा स्वतःचा आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

जरा थांबा इथे. मायकेलँजेलो बार्थोलोम्यूची माहिती देत नव्हता. बार्थोलोम्यू दिसायला कसा होता हे त्याला ठाऊक नव्हतं आणि फिकीरही नव्हती. तो स्वतःच्या पापाबद्दल, थकव्याबद्दल, देवासमोर उघडं पडण्याबद्दल बोलत होता. त्या चित्राला "पुरावा दाखव" म्हणणं म्हणजे अभंगाला सातबारा मागणं. पण त्याच वेळी ते चित्र दाखवून "बघा, बार्थोलोम्यू असाच मेला" म्हणणं, म्हणजे अभंगालाच सातबारा म्हणून तलाठ्यापुढे ठेवणं. दोन्ही बाजूंनी घोटाळा एकच आहे.

कल्याणचा बिशप : इथे जमीन लागते

आता सहाव्या शतकात येऊ. अलेक्झांड्रियाचाच एक व्यापारी, कॉस्मस, याने साधारण ५५० च्या सुमाराला एक पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की मलेमध्ये, म्हणजे मलबारात, ख्रिस्ती लोक आहेत, आणि "कल्लियाना" इथे पर्शियाहून नेमलेला बिशप आहे.

ही कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण का? काहींनी उडुपीजवळचं कल्याणपूरही सुचवलंय. पण कॉस्मस बंदरांची यादी देतो तेव्हा क्रम असा येतो : सिंधू, ओर्होथा, कल्लियाना, सिबोर, आणि मग मलबारची बंदरं. उत्तरेकडून दक्षिणेकडे. त्यात कल्लियाना मलबारच्या बरंच आधी येते, आणि मध्ये आणखी एक बंदर आहे. त्यामुळे आपल्या कल्याणचं पारडं जड आहे.

या कॉस्मसची एक गंमत आहे. पृथ्वी गोल आहे हे त्याला मान्य नव्हतं. जग एखाद्या झाकणाच्या पेटीसारखं आहे, हे सिद्ध करायलाच त्याने ते पुस्तक लिहिलं. मग अशा माणसावर विश्वास कसा ठेवायचा? तर इतिहासात माणसाला सरसकट पास-नापास करत नाहीत, विधान-विधान तपासतात. पृथ्वीचा आकार हा त्याच्या आवाक्याबाहेरचा विषय होता. कुठल्या बंदरातून काय माल निघतो आणि तिथे आपल्या धर्माचे लोक आहेत का, हे मात्र व्यापाऱ्याच्या रोजच्या कामाचं. आणि कल्याणला बिशप आहे असं सांगून त्याच्या पेटीच्या सिद्धांताला काडीचा फायदा नव्हता.

पर्शियाचा बिशप का, हेही समजून घ्या. पर्शियन आखातातून कोकणात जहाजं येत-जात होती. पर्शियात पूर्वेकडच्या सिरियाक परंपरेचं मोठं चर्च होतं, ज्याला पुढे विरोधकांनी "नेस्टोरियन" म्हटलं. व्यापाऱ्यांच्या वस्त्या झाल्या, वस्तीला पुरोहित लागला, पुरोहितांवर बिशप. गोव्यात २००१ साली झुआरी नदीकाठी आगशीजवळ पहलवी लिपीतल्या लेखाचा एक दगडी क्रूस सापडला, तोही याच जाळ्याकडे बोट दाखवतो.

पण लक्षात घ्या, कॉस्मस बार्थोलोम्यूचं नाव घेत नाही. कल्याणच्या ख्रिस्ती लोकांची सुरुवात तो कुठल्याही प्रेषिताशी जोडत नाही.

आणि एक योग बघा. १९८८ साली केरळच्या सिरो-मलबार चर्चने नोकरीधंद्यासाठी महाराष्ट्रात आलेल्या आपल्या लोकांसाठी नवा धर्मप्रांत केला. त्याचं नाव कल्याण. या चर्चची उपासनापद्धती त्याच पूर्व-सिरियाक परंपरेतली. म्हणजे कल्याणच्या नावाने आज पुन्हा एक बिशप आहे, आणि त्याची परंपरा पुन्हा पर्शियाकडेच जाते. दोन्हींच्या मध्ये सलग धागा नाही, मोठी पोकळी आहे. पण दोन्ही वेळा कारण एकच होतं. माणसं कामासाठी या बाजूला आली आणि येताना आपली प्रार्थना घेऊन आली.

ठाणे, एप्रिल १३२१

तिसरा थांबा. इथे कागद भरपूर आहेत.

चार फ्रान्सिस्कन साधू होर्मुझहून जहाजाने निघाले. तोलेन्तिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर, हे तिघे इटालियन, आणि तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या तिबिलिसीचा, डेमेट्रियस. सोबत जॉर्डनस नावाचा डॉमिनिकन साधू. जायचं होतं दक्षिणेकडे कोल्लमला. वाऱ्याने आणलं ठाण्याला. तिथे ते स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांकडे उतरले. जॉर्डनस भडोचकडे निघाला. मागे ज्या घरात हे चौघे राहिले, तिथल्या नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने मारलं, बायको काझीकडे गेली, आणि साक्षीसाठी या साधूंचं नाव निघालं. साध्या घरगुती तक्रारीतून धर्माचा वाद पेटला. ९ एप्रिलला तिघे आणि दोन दिवसांनी चौथा मारला गेला.

जॉर्डनसला वाटेत, सोपाऱ्याला, बातमी कळली. परत येऊन त्याने मृतदेह मिळवले आणि सोपाऱ्याच्या चर्चमध्ये पुरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने गुजरातेतल्या घोघ्याहून पत्र लिहिलं. नंतर ओडोरिक नावाचा साधू ठाण्याला आला, त्याने हाडं उकरून घेतली आणि थेट चीनला नेली, आजच्या क्वानझौ शहरात. १३३० मध्ये त्याने आपला प्रवास सांगून लिहवून घेतला.

ओडोरिकच्या हकिगतीत दोन प्रकारची वाक्यं शेजारी शेजारी आहेत. एक, जेम्सला आगीत टाकलं तरी तो जळला नाही. वाटेत वारा पडला तेव्हा एक हाड समुद्रात टाकताच जहाज चाललं. दुसरं, ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं आहेत.

पहिल्या वाक्याचं काय करायचं, हे ज्याने-त्याने आपल्या श्रद्धेने ठरवावं. ओडोरिक त्या आगीपाशी नव्हता, त्याने नंतर ऐकलं. आणि इतिहासाकडे चमत्कार मोजायचं माप नाही. दुसऱ्या वाक्याची जात मात्र वेगळी आहे. ओडोरिकच्या लेखी नेस्टोरियन हे पाखंडी होते, तसं तो स्पष्ट म्हणतो. त्यांची घरं फुगवून सांगण्यात त्याला गोडी नव्हती. ज्याला जे नको असतं त्याच्याच तोंडून ते निघालं, की ती साक्ष वजनदार. म्हणून पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई घेतली त्याच्या दोनशे वर्षं आधी ठाण्यात ख्रिस्ती कुटुंबं संसार करत होती, नवरा-बायको भांडतही होती, हे आपण बऱ्यापैकी खात्रीने म्हणू शकतो.

इथेही चित्र आलंच. सिएनातल्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये अम्ब्रोजो लोरेन्झेत्तीचं एक भित्तिचित्र आहे, फ्रान्सिस्कन साधूंच्या हत्येचं. अनेकांच्या मते ते ठाण्याचंच, कारण पीटर सिएनाचा. काही अभ्यासक वेगळ्या घटना सुचवतात. त्या चित्रात प्रेक्षकांच्या डोक्यावर मध्य आशियातल्या टोप्या आहेत, चेहरे मंगोल वळणाचे आहेत. ठाण्याच्या खाडीवरचा एकही माणूस त्यात दिसत नाही. लोरेन्झेत्तीने ठाणे पाहिलेलं नव्हतं. त्याने "पूर्व" रंगवली. घटना खरी आणि चित्र काल्पनिक, असंही होतं तर!

मग घरातली तसबीर?

हे पुरे म्हणून आता आपल्या ओळखीच्या तसबिरीकडे वळू. निळसर डोळे, सोनेरी झाक असलेले लांब केस, असा येशू तुम्ही कॅलेंडरवर, रिक्षात, मित्राच्या घरी पाहिला असेल. यातलं जगभर सर्वांत पसरलेलं चित्र वॉर्नर सॉलमन या शिकागोच्या चित्रकाराने १९४० साली रंगवलं. शुभवर्तमानांत येशूच्या दिसण्याचं वर्णनच नाही. तो गालीलातला यहुदी होता, म्हणजे पश्चिम आशियातला माणूस. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे साधारण २३५ सालचं एका घरातलं चर्च उत्खननात मिळालं. तिथल्या भिंतीवरचा येशू, सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक, आखूड केसांचा आणि बिनदाढीचा आहे.

आता पुण्यात या. आंजेलो दा फोन्सेका, १९०२ साली गोव्यात जन्मलेला चित्रकार. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला. त्याने मरियेला साडी नेसवली, बाळ येशूला सावळा रंग दिला. गोव्यात विरोध झाला. तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिला आणि १९६७ मध्ये जाईपर्यंत रंगवत राहिला. त्याच्या पाठीशी जे उभे राहिले त्यांत फादर हेरासही होते.

फोन्सेकाला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं काय होतं? की मरिया अशी नव्हती. बरोबर, नव्हती. ती पुण्याची नव्हती. पण ती फ्लॉरेन्सचीही नव्हती. पुरावा नीट बघितला की युरोपातल्या गोऱ्या मरियेचं "खरं" असणंही गळून पडतं, आणि सगळ्या तसबिरी एका ओळीत येऊन बसतात. प्रत्येक गावाने तिला आपल्या आईसारखं पाहिलं, एवढंच उरतं. इथे इतिहासाने भक्तीचं काही काढून घेतलं नाही, उलट फोन्सेकाला मोकळीक दिली.

आपल्याकडेही हे घडलंय. शिवाजी महाराजांचं म्हणून जे चित्र चालायचं ते इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं होतं, हे वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये दाखवलं आणि महाराजांचं समकालीन चित्र पुढे आणलं. महाराजांवरची भक्ती त्याने तसूभरही कमी झाली नाही. ती चित्रावर उभीच नव्हती.

हिशोब

तर तीन कप्पे करूया. बार्थोलोम्यू कल्याणला आला : शक्य आहे, पण सिद्ध नाही, आणि आज जे हाती आहे त्यावर सिद्ध होणारही नाही. सहाव्या शतकात कल्याणला पर्शियाचा बिशप होता : बऱ्यापैकी संभाव्य. १३२१ मध्ये ठाण्यात ख्रिस्ती कुटुंबं होती आणि चार साधू मारले गेले : पक्कं.

यातून "ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांनी आणला" हे वाक्य पडतं. पण "आम्ही बार्थोलोम्यूचे थेट वंशज" हेही उभं राहत नाही. वसई-ठाण्याच्या बहुतेक ख्रिस्ती घरांची कागदोपत्री सुरुवात पोर्तुगीज काळातच मिळते. तो काळ गोड नव्हता. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात जा, शिवाच्या लेण्याचं चर्च कसं केलं ते आजही दिसतं. तेही पुराव्यातच धरायचं, लपवायचं नाही.

पण मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. वसईच्या माझ्या वयाच्या पोराला आपण इथले आहोत हे सांगायला पहिल्या शतकातला प्रेषित का लागावा? तो इथे जन्मला, त्याची आजी इथली बोली बोलते, शेतात वाल पिकवते. त्याची तारीख ५५० असो, १३२१ असो की १५५०, त्याच्या इथलं असण्यात एका दिवसाचा फरक पडत नाही. आपण त्याला टोमणा मारतो, म्हणून त्याला प्रेषित पुढे करावा लागतो. आणि मग इतिहास बिचारा वकिली करत बसतो. टोमणा थांबला, तर बार्थोलोम्यूला साक्षीच्या पिंजऱ्यातून सुटका मिळेल, आणि तो पुन्हा त्याच्या जागी, प्रार्थनेत, जाऊन बसेल.

परंपरेला विचारायचा प्रश्न : लोकांनी कशावर प्रेम केलं? कागदाला विचारायचा प्रश्न : काय घडलं? दोन्ही प्रश्न खरे आहेत. फक्त एकाचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहू नका.

या रविवारी पाऊस नसेल तर कोंडाण्याला जाऊन या. बलकाचं नाव शोधा. पावती कशी दिसते ते एकदा डोळ्यांनी बघितलेलं बरं. पुढच्या भागात भेटू. तोवर राम राम.